कोमल निषाद आणि मायग्रेशन सर्टिफिकेट

कोल्हापुरात पोरानं 'मला पैलवान व्हायचंय' म्हटलं की घरातला पहिला प्रश्न असतो, 'वस्ताद कोण?' दुसरा असतो, 'खुराकाचं काय?' पोरानं 'मला गायक व्हायचंय' म्हटलं की पहिलाच प्रश्न पोटापाण्याचा येतो, आणि दुसरा विचारायची गरजच उरत नाही.

वास्तविक हे गाव गाण्याचं. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. काँग्रेस १८८५ची. म्हणजे देशाचं काय करायचं हे ठरायच्या दोन वर्षं आधी कोल्हापूरकरांनी संध्याकाळी गाणं कुठं ऐकायचं याची सोय लावून टाकली होती. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं आणि गाण्यासाठी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं. गावानं दोन्हींचा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या जपला आणि पोरं मात्र इंजिनिअरिंगला घातली.

त्यामुळे बारावी सायन्सचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या भाचीनं 'मला संगीतात बी.ए. करायचंय' असं सांगितलं, तेव्हा ताईच्या घरात पेढा तोंडात असलेल्या सगळ्यांना तो गिळायचा की नाही हे कळेना. दाजी पाटबंधारे खात्यात आहेत. ते धरणाच्या भिंतीसारखे शांत बसले. आत्या म्हणाली, "गाणं चांगलंच हाय की गं. पण ते लग्न झाल्यावरबी करता येतंय. डिग्री आधी घे." भाची म्हणाली, "त्याचीच डिग्री घेतो म्हणतोय." (आमच्या गावात मुलीही 'घेतो', 'जातो' म्हणतात. पुढे पुण्यात याचा थोडा घोटाळा झाला, तो येईलच.)

या सगळ्यात मुद्द्याचं बोलले फक्त आबा. आबा म्हणजे दाजींचे वडील. तरुणपणी लाल मातीत लोळलेले, कान अजून तसेच चिवडलेले. ते म्हणाले, "वस्ताद कोण?"

भाचीनं चार कॉलेजांची माहितीपत्रकं त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांत वायफाय होतं, कँटीन होतं, नॅकची श्रेणी होती, हिरवळीवर सतार घेऊन हसणारी मुलगी होती. ती एकच मुलगी दोन वेगवेगळ्या कॉलेजांच्या पत्रकांवर होती. वस्तादाच्या जागी 'अनुभवी प्राध्यापकवृंद' असं लिहिलेलं होतं. आबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि पत्रक परत दिलं. "ह्यात वस्तादाचं नाव न्हाई. तालमीचा नुसता नळ दाखवलाय."

पुढच्या मोहिमेत मला घेतलं गेलं. एक तर मी मामा, आणि दुसरं म्हणजे लहानपणी मी तबल्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत गेलो होतो. एवढ्या शिदोरीला आमच्या घरात 'मामाला गाण्यातलं कळतंय' असं म्हणतात.

आता गाण्याला फॉर्म, परीक्षा आणि सर्टिफिकेट कुणी चिकटवलं म्हणून बोटं मोडायची झाली तर कोल्हापूरकराला ती आपल्याच जिल्ह्याच्या दिशेनं मोडावी लागतात. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८७२. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, नेहमीचं शिक्षण अवघड झालं, म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. हे बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरची गायकी मिळवण्यासाठी उत्तरेत वणवण करून आलेले. त्यांनी गुरुगृही काय काय सोसलं याच्या कथा ऐकल्या की आजच्या हॉस्टेलमधली वरणाची तक्रार करायला तोंड उघडत नाही. बहुधा हे सगळं जवळून पाहिल्यामुळेच विष्णु दिगंबरांनी ठरवलं असावं, की गाणं शिकायला आयुष्य ओवाळून टाकावं लागू नये. फी भरावी, वर्गात बसावं, पुस्तक उघडावं आणि वेळ झाली की घरी जावं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडचा माणूस लाहोरला जाऊन शाळा काढतो आणि कुरुंदवाडपासून तासा-दीड तासावरची मुलगी शाळा शोधत हिंडते, यात मला तरी सूड दिसतो.

त्यांच्या मागून १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आलं आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची ती परीक्षांची शिडी उभी राहिली. मराठी मध्यमवर्गातल्या निम्म्या मुलांनी तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय ठेवलेला आहे. उरलेल्या निम्म्यांची बहीण चढलेली आहे. परीक्षेच्या दिवशी कुठल्याही केंद्रावर जा, देखावा ठरलेला. व्हरांड्यात इस्त्रीचे कुडते घातलेली मुलं, त्यांच्या कानाशी लागलेल्या आया, आणि आत सकाळपासून एकटा खिंड लढवणारा तबलजी. दुपारी जेवणानंतर त्याचा त्रिताल अधूनमधून पंधरा मात्रांचा होतो आणि मुलांना ते बरं पडतं, कारण त्यांची तान तिथंच संपलेली असते. सकाळी साडेदहा वाजता एक चिमुरडं डोळे मिटून सांगतं, "राग भूप, थाट कल्याण, वर्ज्य मध्यम-निषाद, वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर." परीक्षक घड्याळाकडे न बघता मान डोलावतात.

पण त्या शिडीनं एक केलं, तेही सांगायला पाहिजे. घरंदाज माणसांच्या मुलींनी गाणं शिकणं तिच्यामुळे सोपं झालं. सर्टिफिकेट भिंतीवर लावता येतं, त्यावर शिक्का असतो, आणि शिक्का असलेल्या गोष्टीला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. भाचीकडे मध्यमा पूर्णपर्यंतचे शिक्के होते. दाजींनी ते लॅमिनेट करून ठेवले होते, पण तिला गाताना सलग बसून ऐकल्याचं मला आठवत नाही.

पूर्वी प्रवेशाची पद्धत निराळी होती. भीमसेन जोशी १९३३ साली, वय वर्षं अकरा, गदगच्या घरातून निघाले. निमित्त जेवताना तूप वाढण्यावरून झालेल्या भांडणाचं झालं, असं सांगतात. मग विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली, जालंधर असा दौरा. खिशात तिकीट नाही, गाडीत गाणं म्हणायचं आणि तिकीट तपासनीस रसिक निघाला तर पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं. शेवटी जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी सांगितलं की अरे, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. अर्धा हिंदुस्थान पालथा घालून पोरगं परत आलं ते गदगच्या शेजारी. याला आजच्या भाषेत कॅम्पस व्हिजिट म्हणतात. खर्च फक्त तुपाचा.

मोगूबाई कुर्डीकरांचा प्रवेश तर त्याहून उलटा. शंभरेक वर्षांपूर्वी अल्लादियाखाँसाहेब उपचारांसाठी सांगलीला आले होते. येता-जाता एका घरातून रियाजाचा आवाज त्यांच्या कानावर पडायचा. एक दिवस ते सरळ आत गेले आणि शिकवू लागले. हे गृहस्थ कोण, हे मोगूबाईंना आधी ठाऊकही नव्हतं. इथं कॉलेजच विद्यार्थिनीच्या दारात चालत आलं आणि 'प्रवेश देणे आहे' म्हणालं. केसरबाई केरकरांना त्याच खाँसाहेबांकडे शिकायला मिळावं म्हणून मात्र बरीच खटपट करावी लागली आणि त्यांच्या कडक अटी मानाव्या लागल्या. त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. यानात घालताना त्यांची डिग्री कुणी मागितली नाही.

आमच्याकडे मात्र मागितली. फॉर्म भरायला आम्ही एका रविवारी बसलो. नाव, आधार, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, रॅगिंग करणार नाही असं भाचीचं प्रतिज्ञापत्र, ती करणार नाही असं दाजींचं प्रतिज्ञापत्र. रक्तगट विचारला होता. आवाजाची पट्टी विचारली नव्हती. भाचीची पट्टी काळी चार आणि रक्तगट बी पॉझिटिव्ह. गाण्याच्या कॉलेजला त्यातला दुसराच उपयोगी पडला. मला राहून राहून वाटत होतं, हा फॉर्म अल्लादियाखाँसाहेबांनी कसा भरला असता? तरुणपणी अति गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. तो परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. मग जो उरला होता त्याला शोभेल अशी वेगळीच पेचदार गायकी त्यांनी घडवली आणि तिचं जयपूर-अत्रौली घराणं झालं. आज खिडकीवरच्या बाईंनी त्यांना सांगितलं असतं, "मधल्या काळाचं गॅप सर्टिफिकेट आणा. स्टॅम्प पेपरवर."

फॉर्मच्या शेवटी एक निबंध होता. 'मी संगीत का निवडले? ५०० शब्द.' भाचीनं लिहिलं, 'मला गाता येतं म्हणून.' उरलेले चारशे शहाण्णव शब्द दाजींनी फोनमधल्या एआयकडून मागवले. त्यात 'बालपणापासूनच संगीताच्या अथांग महासागराने मला साद घातली' असं होतं. भाची म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं रंकाळा हाय." शेवटी तिनं तिच्या गाण्याच्या बाईंबद्दल एक पान लिहिलं. बाई जयपूर गायकीतल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या. दुपारी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता शिकवतात, आणि चुकलेल्या तानेला मान वर न करता 'पुन्हा' एवढंच म्हणतात. आबांच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे त्या पानावर होतं. पण बाईंनीच तिला बाहेर पाठवायचा हट्ट धरला होता. "माझ्याकडचं संपलेलं नाही. पण तू फक्त मलाच ऐकलंस तर माझ्या खोकल्यासकट गाशील," असं त्या म्हणाल्या होत्या.

मग प्रत्यक्ष पाहणी. पहिला मान शिवाजी विद्यापीठाचा. १९६२ सालचं विद्यापीठ, तिथं संगीत आणि नाट्यशास्त्राचा अधिविभाग, म्हटलं तर केएमटीच्या बसनं जाऊन दुपारच्या जेवणाला घरी. ताईला ते एकदम पसंत पडलं आणि त्याच कारणासाठी भाचीला नापसंत. घरचा डबा नेता येतो त्याला अठराव्या वर्षी कॉलेज म्हणत नाहीत.

पुणे आणि मुंबई आम्ही एका फेरीत उरकलं. महामार्गाची रुंदी वाढवायचं काम चालू असल्यामुळे वाटेत इतकी वळणं होती की दाजी म्हणाले, "हा रस्ता जयपूर घराण्याचा दिसतोय." त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला सांगीतिक शेरा. पुण्यातल्या एका आवारात आम्ही शिरलो तर झाडाखाली एक मुलगी हमसून हमसून रडत होती. दाजी कळवळले. "प्रवेश मिळाला न्हाई वाटतं हिला." शेजारून एक मुलगा वही बघत म्हणाला, "नाही काका, तिसऱ्या अंकाची तालीम आहे. आधी तिनं जास्त चांगलं केलं होतं."

कॉलेज बघायला गेलेल्या कुटुंबात प्रत्येक जण वेगळं कॉलेज बघून येतो, हे मला तिथं कळलं. ताईनं मुलींचं वसतिगृह पाहिलं. बाथरूमची कडी आतून लागते का, हे तिनं स्वतः आत जाऊन तपासलं, आणि बाहेर येऊन 'लागते' असं तिनं सांगितलं तेव्हा त्या संस्थेला नॅकची सर्वोच्च श्रेणी मिळाल्यासारखं तिथल्या रेक्टरबाईंना वाटलं असावं. दाजींनी कार्यालय पाहिलं. त्यांनी थेट विचारलं, "प्लेसमेंट कितीचं होतंय?" समोरचे प्राध्यापक बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "आमचा एक विद्यार्थी मागच्या वर्षी प्लेस झाला. पण तो एमपीएससी देऊन झाला." दाजींनी वहीत टिपून घेतलं, 'एमपीएससीचीही तयारी होते.' आणि भाची? ती एका बंद दारापाशी उभी राहून आतला रियाज ऐकत होती. कुणी तरी तोडीतला गंधार पुन्हा पुन्हा लावून पाहत होतं आणि तो दर खेपेला किंचित चढा लागत होता. भाची दर खेपेला ओठ दाबत होती. अर्ध्या तासानं तो जागेवर बसला तेव्हा ती म्हणाली, "चला. इथं फॉर्म भरू या." कडी, प्लेसमेंट आणि गंधार या तिन्ही कसोट्यांत तिचीच बरोबर होती असं माझं मत आहे, पण ते मी ताईला सांगितलेलं नाही.

मुंबईतलं ठिकाण खासगी होतं. काचेचं दार, आत गारठा, भिंतीवर निळ्या दिव्यांनी लिहिलेलं काही तरी. मार्गदर्शन करणारी मुलगी फार गोड होती.

"इन्स्ट्रुमेंट?"

"आवाज."

"ओके, व्होकल्स. जॉनर?"

"जयपूर."

"अच्छा, जयपूरहून आलात! आमच्याकडे राजस्थानचे बरेच स्टुडंट्स आहेत."

फीचा कागद पाहून दाजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. आकडा दोन्ही वेळा तेवढाच होता. तिथली मुलं मात्र मला आवडली, खोटं कशाला बोला. लॅपटॉपवर आठ-दहा तुकडे जोडून एकानं आमच्या डोळ्यांदेखत गाणं उभं केलं. त्यात कुणीच गायलेलं नव्हतं, आणि तरी पाय हलत होता.

बाकीची कॉलेजं दाजींनी कोल्हापुरातूनच, मोबाईलवर पाहिली. बडोद्याची सयाजीरावांची गायनशाळा १८८६ची. लखनौचं भातखंड्यांचं १९२६चं. छत्तीसगडातलं खैरागड १९५६चं, राजघराण्यानं मुलीच्या नावानं, राजवाड्यात काढलेलं. "राजवाडा!" दाजी एकदम सावरून बसले. "हॉस्टेलबी राजवाड्यातच असंल काय?" नंतर चेन्नईचं ए. आर. रहमान यांचं, २००८चं. आणि एका रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, बोस्टनचं बर्कली, १९४५चं. सकाळी मी फोन बघितला तर त्यावर डॉलरचे रुपये करणारं पान उघडं होतं.

भातखंडे म्हटलं की एक भानगड सांगायलाच हवी. विष्णु दिगंबर आणि भातखंडे या दोघांनी गाणं कागदावर उतरवायच्या दोन स्वतंत्र पद्धती काढल्या. पलुस्कर पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो मंद्र सप्तकातला, म्हणजे खालचा. भातखंडे पद्धतीत डोक्यावर टिंब दिलं की तार सप्तकातला, म्हणजे वरचा. म्हणजे तेच टिंब पाहून एकाच्या विद्यार्थ्यानं तळघरात उतरायचं आणि दुसऱ्याच्या विद्यार्थ्यानं गच्चीवर चढायचं. दोन्ही थोर माणसं, समकालीन, दोघंही मराठी. एकमत झालं असतं तर मराठी म्हणण्यात अर्थ नव्हता. एका लेखी परीक्षेत भाचीला स्वरलिपी आली ती नेमकी दुसऱ्या पक्षाची. तिनं वर 'पद्धत नमूद करावी' असं लिहून दोन्ही उत्तरं दिली. गुण किती मिळाले कळलं नाही, पण आबांना तो डाव फार आवडला.

काही कॉलेजांना आधी व्हिडिओ पाठवायचा होता. सलग दहा मिनिटं, एका दमात, काटछाट न करता. हे काम जुलैत आलं. कोल्हापुरात जुलैत सलग दहा मिनिटं शांतता कुणाकडेच नसते. पहिल्या वेळी कुकरनं समेवर शिट्टी दिली. दुसऱ्या वेळी भंगारवाला आला, आणि त्याचा सूर भाचीच्या षड्जाशी इतका तंतोतंत जुळला की तीच गायची थांबून ऐकू लागली. तिसरी खेप उत्तम चालली होती. तानपुऱ्याचं ॲप दाजींच्या फोनवर लावलेलं, आलाप सावकाश चढत गेलेला, तार षड्ज आता लागणार तेवढ्यात तानपुरा बंद पडून फोन बोलला: टिंग. टिंग. टिंग. खात्याचा ग्रुप. राजाराम बंधारा, पाणी पातळी एकोणचाळीस फूट, इशारा पातळी गाठली. त्यापुढचा आठवडा पाटबंधारे खात्यातल्या माणसाचा फोन मागायची कुणाची छाती झाली नाही. पाणी त्रेचाळीस फुटांच्या धोक्याच्या खुणेअलीकडे थबकून उतरायला लागलं तेव्हा पहाटे चार वाजता, बाईंच्या स्वयंपाकघरात, बाईंचाच जुना तानपुरा घेऊन रेकॉर्डिंग झालं. त्यात मधे एक खोकला आहे. तो भाचीचा नाही.

प्रत्यक्ष चाचणीला मी गेलो होतो. बाहेरच्या बाकांवर आईवडिलांची निराळीच जुगलबंदी चालू होती. एक आई म्हणाली, "आमच्या चिन्मयीनं पाच वर्षांत आइस्क्रीम खाल्लेलं नाही." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे लोणचंसुद्धा बंद." ताईनं दोघींकडे पाहिलं, पर्समधून कांदा-लसूण चटणीची भाकरी काढली आणि भाचीच्या हातात दिली.

आत तिघं परीक्षक. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. काय गाणार, असं विचारल्यावर भाची म्हणाली, "मियाँमल्हार गातो." तिघांनीही आधी तिच्याकडे आणि मग फॉर्मवरच्या 'लिंग' या रकान्याकडे पाहिलं. मधले वयस्कर बुवा हसले. "कोल्हापूर का?" "व्हय सर." "गा."

ती गायला लागली. बाहेर पाऊस होता, आत मल्हार होता. कोमल निषादावरून ती अशी काही आंदोलत धैवताला लागून वर शुद्ध निषादाकडे गेली की बुवांनी हात वर केला. "थांबा. तो कोमल निषाद पुन्हा दाखवा." तिनं दाखवला. "पुन्हा." तिनं पुन्हा दाखवला. बुवांनी डोळे मिटले. तेवढ्यात दार ढकलून कार्यालयातले एक गृहस्थ आत शिरले आणि म्हणाले, "हिचं मायग्रेशन सर्टिफिकेट राहिलंय."

बुवांनी डोळे उघडले. शुद्ध निषाद अधांतरी राहिला. बोर्ड महाराष्ट्राचं असेल तर ते लागत नाही, असं एक परीक्षक म्हणाले. लागतं, असं गृहस्थ म्हणाले. यावर गाण्यापेक्षा जास्त वेळ चर्चा झाली. ती मिटल्यावर बुवांनी विचारलं, "आमच्या तरुणपणी आम्ही गाणं शिकायला तुमच्या गावाकडे डोळे लावून बसायचो. तू उलटी इकडे कशी?"

"तिथं सगळे पुण्याला जा म्हणतात, सर."

"इथं सगळे मुंबईला जा म्हणतात," बुवा म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

दोन ठिकाणांहून नकार आले. एकानं कारण दिलं नाही, दुसऱ्यानं दिलं पण ते दुसऱ्याच मुलीचं होतं. भाचीचं तोंड उतरलं, म्हणून मी तिला व्हर्दीची गोष्ट सांगितली. इटलीतला हा थोर संगीतकार १८३२ साली मिलानच्या संगीत विद्यालयात प्रवेशाला गेला. वय जास्त आणि पियानोवर हात ठेवायची पद्धत चुकीची म्हणून त्यांनी त्याला परत पाठवला. आज त्या विद्यालयाला त्याच व्हर्दीचं नाव आहे. भाचीला बरं वाटलं. आबा पलीकडे कान देऊन ऐकत होते.

"म्हंजे त्यानं पुढं ते कॉलेज इकत घेतलं काय?"

"नाही आबा. तो मोठा झाला म्हणून नाव दिलं."

"मग आता पोरांना हात कसा ठेवायला शिकवत्यात? त्याच्यासारखा का पयल्यासारखा?"

याचं उत्तर मला कुठंच सापडलेलं नाही.

शेवटी बुवांच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं. वेटिंगला चौथं होतं, वरच्यांपैकी कुणी इंजिनिअरिंगला गेले, कुणी मेडिकलला. कोल्हापूरसारखीच इतरही गावं आहेत म्हणायची. मग दाजींनी अचानक जाहीर केलं की पोरगी ॲपवर गाणार नाही. तानपुरा घ्यायचा. मिरजेचा.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत आम्ही एक अख्खी दुपार काढली. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण कारागिरांचं दुकान आणि बसायची पद्धत तीच आहे. भोपळे पंढरपूरकडून येतात, ते वर छताला टांगलेले. एक म्हातारे कारागीर घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी काढत होते. तार छेडायची, धागा केसभर हलवायचा, पुन्हा छेडायची. दाजी पहिली पाच मिनिटं घड्याळ बघत होते. मग बघायचे थांबले. मग धागा का, तो कापसाचाच का, भोपळा किती वर्षं वाळवतात, त्याच्यावर पाणी पडलं तर, जाडी किती, अशा प्रश्नांना त्यांनी हात घातला. धरणाच्या भिंतीची तपासणी करताना ते असेच विचारत असणार. कारागिरांनी एकदाही न कंटाळता सगळं सांगितलं. निघताना दाजी मला हळूच म्हणाले, "ह्यो खरा इंजिनिअर."

सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं निघालो. ताईनं चटणीचे तीन डबे दिले होते, बाईंनी स्वतःच्या हस्ताक्षरातली बंदिशींची वही, आबांनी पाचशेची नोट आणि 'वस्तादाच्या पाया पडल्याबिगर बसू नको' ही ताकीद. तानपुरा खिडकीपाशी, कापडी गवसणीत. भाची त्याच्यावर डोकं टेकून सांगलीच्या आतच झोपली. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, साताऱ्याचे. त्यांनी बराच वेळ गवसणीकडे पाहिलं आणि विचारलं, "वीणा का?"

दाजी म्हणाले, "तानपुरा."

"हां, हां. मोबाईलमध्ये मिळतो की हा आता. फुकट."

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खुर्ची ओढावी तसे बाकाच्या पुढच्या कडेला सरकले. षड्ज म्हणजे काय इथून त्यांनी सुरुवात केली. मग पंचम, मग जवारी, मग सुताचा धागा, मग पंढरपूरचा भोपळा. किर्लोस्करवाडीला ते अल्लादियाखाँसाहेबांपाशी पोचले. ताकारीला त्यांनी ॲपमधल्या आणि खऱ्या तानपुऱ्यातला फरक तोंडानं आवाज काढून दाखवला. दोन्ही आवाज सारखेच निघाले, पण त्यांचा आत्मविश्वास ढळला नाही. कराडला गाडी थांबली तसे ते गृहस्थ पिशवी उचलून घाईघाईनं उतरले. त्यांचं तिकीट साताऱ्याचं होतं.